मागच्या बाजूला चार मजले

हेब्डन ब्रिजची घरं समोरून दोन मजली,
मागून चार.
टेकडीत अर्धी रुतलेली,
वरच्या रस्त्याला एक वय सांगतात, खालच्याला दुसरं.
बॅरीची शिडी मागून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची.
एका मार्चमध्ये शिडी वरच राहिली, बॅरी खाली आला.
हाड जुळलं, पण पायाला ते पटलं नाही.
एकशे बारा घरांची वही त्यानं मला विकली,
वर एक स्पंज फुकट.

म्हणून आज हॅलिफॅक्स.
'ऑर्मरॉड अँड डॉटर', पत्र्याचं गोदाम,
काउंटरवर यातली डॉटर.
फायबरग्लासची घ्या, म्हणाली, स्वस्त पडते.
वीस फुटांपर्यंत बरी होती,
पुढं साहेब दिसल्यासारखी वाकायला लागली.
मग हायब्रिड दाखवली.
हायब्रिड ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेय मी,
त्या शब्दानं अजून घास अडतो.

राहिली कार्बनची. पस्तीस फूट,
किंमत ऐकून मी पाकीट नुसतं चाचपलं.
हातात घेतली तर वाटलं, नुसतं वेष्टण दिलंय,
वस्तू मागाहून येईल.
मी टिचकी मारली.
आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत
भोपळा असाच घेतात:
टिचकी, कान, पुन्हा टिचकी,
पैशाचं बोलणं त्यानंतर.
चौथ्या नळीत बारीक भुणभुण होती.
दुसरी आणा, म्हटलं.
ती आत गेली, आणि रॅकमागून
टिचक्या ऐकू आल्या,
एक, दोन,
मग बराच वेळ थांबून तिसरी.

ब्रशला जास्त वेळ गेला.
डुकराचे केस जुना मळ ओढून काढतात,
पण पाणी पितात,
आणि पस्तीस फुटांवर ओला ब्रश
म्हणजे टोकाला बसलेला जावई.
नायलॉन हलका, तो काचेवरून फिरायला जातो,
कामाला नाही.
शेवटी मिश्र घेतला, थोडे केस, थोडं नायलॉन.
म्हणजे हायब्रिडच.
असू दे.
धार पंख्यासारखी नको, इथला वारा ती शेजाऱ्याला देतो.
पेन्सिलीएवढ्या दोन पुरे.

पाणी मात्र शून्याचं लागतं.
मीटरवर तीन शून्यं आली की भरायचं.
त्यात काहीच विरघळलेलं नसतं,
म्हणून वाळताना ते मागं काही ठेवत नाही,
फडकं लागत नाही.
मी एकदा चाखून बघितलं.
कुणाच्याच घरचं नव्हतं ते पाणी.

पहिलं घर मिसेस हिंचलिफचं,
मागची बाजू, चौथा मजला.
पाठीशी कालवा, बदकांची भांडणं,
मान मोडेपर्यंत वर, आणि गार पाणी
मनगटावरून कोपरापर्यंत बाहीत.
बॅरीच्या आधीपासूनचं शेवाळ निघालं,
काजळी निघाली, चौकटीतून
एक मेलेला कोळी वाहत खाली आला.
काच उघडली म्हणावी इतकी उजळली.
एक डाग तेवढा राहिला, मधोमध, वाटीएवढा.
घासला. कोन बदलून घासला.
केसांवर जोर दिला, नळी वाकेपर्यंत.
तो जागचा हलेना.

मग आतून पडदा सरकला.
म्हातारी पुढं आली आणि तिनं
कपाळ त्या डागावर टेकवलं,
डब्यावर त्याचंच झाकण बसावं तसं.
किती वर्षं टेकवत असेल,
कालव्याकडं बघत,
की वरून खालचे चार मजले मोजत,
मला काय माहीत.
मी पाणी बंद केलं.
ब्रश काचेला तसाच टेकलेला.

तिनं आतून टिचकी मारली.
पस्तीस फूट काठीतून ती खाली आली,
माझ्या तळव्यात,
कुठंही भुणभुण नाही.

मी हात वर केला.
तिनंही केला, पण बोट दाखवायला:
डावा कोपरा, खालचा.
बघितलं तर खरंच
राहिला होता.