आभाळातलं भोक

लिओंमध्ये, सोन नदीच्या काठी, छापखान्याच्या मागल्या खोलीत
मी नाशपातीचं लाकूड कोरते.
नवरा गेला, पटाशा राहिल्या.
क्लोदीन माझं नाव. पुस्तकात ते कुठेच नाही.

वकीलसाहेबांची चिठ्ठी येते लॅटिनमधून,
मालक गिशार ती फोड करून सांगतो, तोंडात घास असताना:
इकारस हवा. मेण वितळलेलं. खाली समुद्र.
अर्थ – ज्योतिष्यांनी पायरी सोडू नये.

अर्थाशी माझं देणंघेणं नाही.
मला इतकंच कळतं, की सगळं उलटं कोरायचं,
आणि जे दिसायला हवं
त्याला हात लावायचा नाही. काढायचं ते बाकीचं.
भोवतालचं सगळं खरवडलं
की मुलगा उरतो.
तोंड मी त्याला दिलं झाकच्या पोराचं,
घंटाघराच्या परांचीवरून गेल्या साली पडला तो.
त्याला कुठले ग्रह न् कुठले तारे,
चुन्याची पाटी होती डोक्यावर.

दुसऱ्या आवृत्तीत ठोकळा तोच, अर्थ नवा:
उसन्या पैशावर उडणाऱ्यांसाठी.
तिसरीत, बापाचं न ऐकणाऱ्यांसाठी.
अ‍ॅक्टिऑनला फाडणारे कुत्रेही असेच,
आधी खुशमस्करे झाले, मग वासना;
मी कोरले ते खाटकाच्या गल्लीतले,
एकाचा कान फाटका.

मग त्या उन्हाळ्यात कीड लागली.
इकारसच्या वर, आडव्या रेघांच्या आभाळात
जोंधळ्याएवढं भोक.
बुजव, गिशार म्हणाला. मी हो म्हटलं
आणि विसरले.
विसरले, असंच सांगते.

छापून आलं तेव्हा काळ्यात एक पांढरा ठिपका.
वकीलसाहेब धापा टाकत आले, चार ओळी घेऊन:
हा करुणेचा तारा,
पडणाऱ्यावरही वरून कुणाची तरी नजर असते.
गिशारनं मला डोळ्यांनीच दटावलं, हसू नकोस.

शनिवारी झाकची बायको आली रद्दी मागायला, मासळी बांधायला.
मी एक डागाळलेला कागद दिला.
उलटं कोरलेलं तोंड त्यावर सुलटं झालं होतं.
तिला अक्षर येत नाही.
बराच वेळ पाहिलं, मग त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून म्हणाली,
हे काय?
कीड, मी म्हटलं. किडीनं खाल्लंय.
हं, म्हणाली,
आणि मासळी तशीच उघडी घेऊन गेली.