मधलं बटण

फैजानने पहिला स्क्रू काढला तेव्हा
बोर्डामागून एक वाळकी पाल पडली
आणि आई खाटेवरून म्हणाली,
"घ्या. यांची पेन्शन."

आई हे असं बोलते.
बाबा पोर्ट ट्रस्टमध्ये वायरमन.
चौतीस वर्षं क्रेनच्या पोटात शिरून
गोदीभर दिवे लावले
आणि शिवडीच्या या दीड खोलीत
मधलं बटण ढिलं ते ढिलंच,
पडायला आलेल्या दातासारखं.
दोनदा दाबायचं, कधी तीनदा.
आई पाहुण्यांना सांगायची,
दिव्याखाली अंधार म्हणतात ना,
आमच्याकडचा पगारी आहे.
बाबा पेपरातून मान वर न काढता:
"रविवारी बघू."

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली.
शेवटी मीच म्हटलं, पुरे.
कोळसा बंदरच्या नाक्यावरून फैजानला आणलं,
वाटेत बटण घेतलं, पांढरं, बत्तीस रुपयांचं.

बोर्ड उलटा झाला.
मागच्या लाकडावर सुताराच्या पेन्सिलीने
बाबांचं अक्षर, शिरोरेघ नसलेलं,
हजेरीपटावर असायचं तसंच घाईचं:

पुढे जो कोणी उघडेल त्यास.
तारा घट्ट आहेत, शॉकची भीती नाही.
मधले बटण बदलू नये.
हिला रात्रीचे दिसत नाही, कोणास सांगत नाही.
चारांत हेच हाताला कळते.
आ. रा. शिगवण, १९८७

त्याखाली निळं बॉलपेन:
नाही बदललं. सुर्वे इलेक्ट्रिक, २००३

त्याच्याही खाली
नुसती एक बरोबरची खूण.
तारीख नाही, नाव नाही.

सुर्वे मला आठवतो.
पंख्याचा रेग्युलेटर बसवायला आलेला.
मी कॉलेजात होते, तोऱ्यात म्हटलं होतं
ते मधलंही बदलून टाका.
तो बराच वेळ बोर्डात डोकं घालून होता.
मग म्हणाला, माल नाही, ताई. पुढच्या वेळी.

आणि जिना आठवतो.
संध्याकाळी दूध आणायला जाताना
आई माझा हात घट्ट धरायची.
सातवीत गेले तरी धरायची,
मैत्रिणी हसायच्या,
मी हात सोडवून घेत पुढे पळायचे.
मला वाटायचं, ती मला सांभाळते.

फैजान म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतला.
त्याने ओठ हलवत सगळं वाचलं,
मग माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.
ती मेथी निवडत होती,
पानं परातीत, काड्या पेपरवर,
एकदाही खाली न बघता.

"झालं का रे?"
"होतंय, आजी."

त्याने कानामागची पेन्सिल काढली.
काहीतरी लिहिलं,
अंगठ्याने पुसलं, परत लिहिलं.
मी वाचलं नाही.
ते पुढच्याला होतं.

मग चारही स्क्रू आवळले
आणि पैसे विचारले तर म्हणाला,
कसले? काम कुठे केलं?

पांढरं बटण अजून माझ्या पर्समध्ये आहे,
सुट्ट्या पैशांत वाजतं.

त्या रात्री अडीचच्या सुमारास
खाट कुरकुरली.
मी हलले नाही.
तळवा भिंतीवरून निघाला,
कॅलेंडरचा खिळा, देव्हाऱ्याची कड,
बोर्डाचा कोपरा.
पहिलं बटण नाही.
त्याच्या शेजारचं
जरासं हललं.
टक.
टक टक.

"शंभरदा सांगितलं यांना,"
ती पुटपुटली
आणि उजेडातून मोरीकडे गेली.