खळ

नव्या कापडावर पाण्याचा थेंब
अळवावर बसावा तसा बसून राहतो.
मागासाठी धाग्यांना पाजलेली खळ
अजून त्यांच्या अंगातच असते.

साठ अंशांवर एन्झाइम सोडते मी.
सुताला दात न लावता ते फक्त खळ खातं,
तोंडात धरलेली पेज हळूहळू गोड होते, तसं.
मग आयोडिन. ठिपका निळा पडला तर अजून उरलीय.
मग कॉस्टिक, पेरॉक्साइड,
धू, परत धू.

पपा आगरवाड्याहून दोन बस बदलून
कुंडईला आले, खांद्यावर गोण.
‘रंगाला मीठ लागतं म्हणालीस.’

कवळेकर मास्तरांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं.
‘चांगलं आहे हो. पण यात चुना, मॅग्नेशियम.
लाल फाटेल.’
पपा गोणीवर हात ठेवून उभे.

सगळे जेवायला गेल्यावर
एक वार मी त्या मिठात रंगवलं.
लाल चढला, पण जागोजाग थबकून,
मिठागराचा वाफा आटताना दिसतो तसा.

वहीत नोंद: बाद.
ते घरी नेलं, पंचा म्हणून.

पहिले आठ दिवस
पपांच्या खांद्याला लालसर लागायचं.
विचारलं तर म्हणत,
‘मीठ आहे ते. सावकाश सोडतं.’