वरची वाटी

आर्वीच्या दुकानात शालिकनं तीन यंत्रं मांडली काउंटरवर.
एक कॉम्प्रेसरचं, टाकी बैलाच्या पोटाएवढी;
एक नुसत्या प्लगवर घरघरणारं;
तिसरं बादलीतूनच रंग ओढणारं, भिंतींसाठी.
"तुमाले कायले पायजे?"
तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, म्हटलं, साठ-सत्तर.
मग वर्षभर ग्रिल, कपाटं, एखादं शाळेचं फाटक.

तो नोझलचे आकडे सांगत गेला,
मी मनात गावचं व्होल्टेज मोजत राहिलो.
खोक्यावर त्यानं एक फवारा मारला:
ब्रशची एक रेघ नाही,
जसा कुणाचा हातच लागला नव्हता.
आवडलं ते. आणि थोडं नाहीही.

वनमाला इतका वेळ गप्प.
तिनं बंदूक उचलली, पिळून सुटी केली,
सुई ओढली, वॉशर नखानं उचकटलं.
"हे धुवाचं कोनं?
थिनरचा वास माह्या पदराले
पोळा सरला तरी रायते."
शालिकच्या कॅटलॉगात हा रकाना नव्हता.

शेवटी वाटी वर असलेलं घेतलं,
उरलेला चमचाभर रंग आपोआप खाली उतरतो.
बसमध्ये खोकं माझ्या मांडीवर.
सुई मात्र तिनं वेगळी ठेवली,
रुमालात,
सुट्या पैशांसोबत.