डब्यावरचं गाव

अकरा वर्षं आम्ही व्हेनिस छापत होतो.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर, पाळीला आठशे:
एक पूल, दोन घुमट आणि एक लाल होडी.
बोहदानाकडे लाल रंगाचा रूळ, माझ्याकडे निळा.
म्हणजे पाणी माझं, असं मी गमतीनं म्हणायचे,
ती म्हणायची, बुडशील एक दिवस.

मग त्या डिसेंबरात सरहद्दीवरच्या तारा कापल्या
आणि मे महिन्यात आमच्या मोराव्हियातून
बस निघाली, त्रेचाळीस जागांची.
रात्री निघायचं, दिवसभर तिथं, रात्री परत.
मुक्कामाचे पैसे होते कुणाकडे?
चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस, उकडलेली अंडी,
शेपू घातलेली आंबट काकडी,
अख्ख्या ऑस्ट्रियाभर बसला
आमच्या स्वयंपाकघरांचा वास.

बोहदानाच्या मांडीवर फुगलेली पिशवी.
वर ठेवायला दिली नाही तिनं.
काय कोंबलंयस एवढं? मी विचारलं.
"मला थंडी वाजते," म्हणाली.

सकाळी सातला ड्रायव्हर हुदेचेकनं गाडी लावली
तिथून पाणी दिसत नव्हतं, नुसता वास.
"सहाला निघणार. सहा म्हणजे सहा."

गाव खरंच होतं.
इतकी वर्षं छापूनही माझी खात्री नव्हती.
भिंतींना ओल, पोपडे,
दोन खिडक्यांमधल्या दोरीवर कुणाच्या तरी चड्ड्या.
आमच्या डब्यांवर चड्ड्या नव्हत्या.
बोहदाना मात्र होड्याच बघत राहिली.
एक गेली. दुसरी गेली. सातवी गेली.
"सगळ्या काळ्या," ती म्हणाली.
"आणि मी अकरा वर्षं…"
अगं, पाणी तरी कुठं निळंय, मी म्हटलं,
पालकाच्या सुपासारखं आहे बघ.
ती हसली नाही.

चौकातल्या कॉफीचा भाव वाचला
आणि खुर्चीला टेकायच्या आतच मी उठले.
मागच्या गल्लीत एक बाई दारात बसून
मटार सोलत होती, पायाशी मांजर.
दारावर हातानं लिहिलेला कागद.
बोहदाना तिच्याशी बोलली.
खाणाखुणांनी नाही. वाक्यांनी.
बाईनं हात पुसले, वरच्या मजल्याकडे बोट केलं.
"कुठं शिकलीस हे?"
"रेडिओवर. रात्री."
मग माझ्याकडे न बघता, "तू चर्च बघून ये."
पिशवीची चेन अर्धी उघडी होती.
आत करडी लोकर, कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर.
तिच्या आईचा हिवाळी कोट.
मे महिन्यात.

चर्च मी पाहिलं. काय पाहिलं ते विचारू नका.

सहाला हुदेचेकनं डोकी मोजली, बेचाळीस.
पुन्हा मोजली.
कुणी म्हणालं, हरवली असेल, कुणी म्हणालं, कळलं आम्हाला.
"येतेय ती," मी म्हणाले,
"शौचालयाला रांग होती."
ती यावी असं मला वाटत होतं की येऊ नये असं,
ते आजही मला सांगता येत नाही.

सहा वाजून बावीस मिनिटांनी ती आली.
कोट हातावर, बूट ओले, चालीला घाई नाही.
शेजारी बसली, उरलेलं अंडं सोलून खाल्लं.
सरहद्द जवळ आली तेव्हा काळोखात म्हणाली,
"त्या घरात हिवाळ्यात पाणी
तिसऱ्या पायरीपर्यंत येतं."
एवढंच. पुढं सोळा वर्षं एकाच टेबलावर जेवलो,
पुन्हा विषय नाही.

सोमवारी तिनं आपल्या रुळावर काळी शाई चढवली.
दुपारपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.
मग मुकादम मालिना ओरडत आला,
होडी आहे की शवपेटी?
बोहदाना म्हणाली, "जाऊन बघा."

तिचा अर्धा पगार कापला.
मंगळवारी लाल पुन्हा सुरू.
त्या दिवसाचा एक डबा मी दप्तरात घालून घरी आणला.
त्यात बटणं ठेवते.
झाकण जरा घट्ट बसतं.