एक सूत

किक मारली की पाय सरळ खाली जातो,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा.
इंजिनाला पत्ताच नाही.
पेडल आपणहून वर येत नाही, ते वेगळं.
स्प्रिंग तुटली त्या वर्षीपासून
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय,
एप्रिलात ती विरघळून पँटला चिकटते.

चव्वेचाळीसची मॅचलेस.
लष्करी हिरव्यावर मामांनी काळा मारला होता,
टाकीच्या पोटाशी हिरवा अजून डोकावतो.
मामा गायींच्या कृत्रिम रेतनाचं काम करायचे,
मागे नायट्रोजनचा कॅन दोरीनं आवळलेला,
चांदूर बाजारच्या आसपासची वीस-बावीस गावं.
माजावर आलेली गाय कुणासाठी थांबत नाही, म्हणायचे,
आणि पहिल्याच किकला निघून जायचे.

माझं तिच्याशी कधी सूत जुळलं नाही.

जिनिंगच्या वळणावर दौलत ठवकर मोटारी भरतो.
त्याच्यासमोर मी डिकीतून पुडकं काढलं:
नागपूरहून आणलेला किकचा अर्धचंद्र,
अठराशे रुपये, पेपरात गुंडाळलेला.
"जुन्याचा पहिला दात झिजला असेल," मी म्हटलं.
त्यानं पुडकं उघडलंही नाही.
"खोलू नको. आधी विचार तिले.
टॉपात टाक. ढकल मांगून."

ढकलली.
चाक फिरलं, चेन फिरली,
इंजिन मात्र गप्प,
सायलेन्सरमधून एक साधा सुस्काराही नाही.
"दाताचं मंग पाहू," दौलत म्हणाला,
"तिचा क्लचच धरत नाई."

डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण, त्याचा कडक झालेला रबर,
आत काळं, दाट, काकवीसारखं तेल.
"हे कोनं टाकलं?"
मी लिंबाकडे पाहिलं.
ट्रॅक्टरचं उरलं होतं.

कॉर्कच्या चकत्या चिंचोक्यांसारख्या चमकत होत्या.
रॉकेलात धुतल्या, पॉलिश पेपरवर घासल्या,
आणि टिनावर वाळत घातल्या
ठवकरीणबाईंच्या कुरडयांशेजारी.
कोंबड्या हाकलायला त्या बाहेर आल्या,
जरा वेळ बघत राहिल्या.
"याले मीठ लावलं का जी?"

दुपार टळली तशी चकत्या बसल्या,
स्प्रिंगांवरचे नट तो अर्धा अर्धा आटा फिरवत गेला,
एकदा हा, एकदा तो,
कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं.
मग हँडलशी आला, क्लचच्या दांड्याला बोट लावलं.
दांडा हलेना.
"केबल कोनं तानली एवढी?"

तीही मीच.
मामा गेल्यावर गाडी घरी आणली त्या दिवशी,
सगळ्यात आधी.
तो दांडा खुळखुळायचा त्यांच्या हातात.
शिरजगावच्या रस्त्यानं ते येताना
गाडीच्या आधी त्याचा आवाज ओळखू यायचा,
आणि मला वाटायचं, म्हातारा हयगय करतो.

"एक सूत ढील लागते," दौलत म्हणाला,
बोटाच्या पेरावर नखानं मोजून दाखवत.
"नाई तं तू चोवीस तास क्लच दाबूनच फिरून रायला.
थे धरन कायले?"

पाना दोनदा फिरला.
दांडा सैल पडला. खुळ् खुळ्.

"मार आता. हळू."
पाय अर्ध्यावर गेला आणि थांबला.
पलीकडून कुणीतरी दाराला खांदा लावल्यासारखा.
सात वर्षांत पहिल्यांदा
इंजिनानं माझं वजन घेतलं.
तिसऱ्या किकला तिनं उलट लाथ मारली,
नडगीवर, चांगली सणसणीत,
चौथ्याला धुराचा लोट,
कुरडया वाचवायला ठवकरीणबाई धावल्या.

अर्धचंद्र डिकीत तसाच आहे.
ट्यूबची पट्टीही आहे. दौलत म्हणाला, तिले राहू दे.
कालव्याच्या रस्त्यानं परत येताना
दांडा घरापर्यंत वाजत होता.
दोनदा हात गेला आवळायला,
नुसता ठेवला त्याच्यावर.