तीन कोटेशनं

तीन कोटेशनं टेबलावर,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर शाईचा डबा.
एक यंत्र जाळीवर शाई फवारतं.
दुसरं मेण, गरम, टिंबाटिंबानं.
तिसरं काहीच फवारत नाही, नुसत्या उजेडानं
थेट इमल्शनवर लिहितं.
त्याच्या किमतीतली शून्यं मी बोटानं मोजली,
मग चष्मा लावून परत.

आमच्याकडे लग्नपत्रिका होत नाहीत.
साकीनाक्याच्या या गाळ्यात तबकड्या छापतात,
प्रेशर गेजच्या. शून्य ते दहा,
मधल्या रेघा केसाएवढ्या.
रेघ सरकली की कुठल्यातरी बॉयलरचा दाब
काट्याखाली एक, आत दुसरा.

इनासकाका बत्तीस वर्षं फिल्म लावतोय.
काचेवर फिल्म, फिल्मवर फ्रेम, मग दिवा,
आणि तो तोंडातल्या तोंडात आकडे मोजतो
वसईच्या बोलीत.
टायमर आहे. टायमरवर त्याचा विश्वास नाही.
फिल्मवर धूळ बसली की जाळीत टाचणीएवढं भोक,
ते तो ब्रशनं बुजवतो,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात, शाळकरी पोरासारखी.

सेल्समन बोपर्डीकर म्हणाला,
मॅडम, फिल्मचा खर्च गेला, कपाटं मोकळी,
आणि माणूस एक कमी.
शेवटचं त्यानं हळू म्हटलं,
पण आमचा गाळा चारशे फुटांचा आहे.

मी विचारायचं ते विचारलं.
गणपतीत पाच दिवस शटर खाली, हेड सुकतं का?
सुकलं तर नवं केवढ्याला?
जुलैत इमल्शन ओलसर राहतं, शाई पसरेल?
इंजिनियर अंधेरीहून येणार की अहमदाबादहून?
आणि आमच्या लिफ्टचं दार बत्तीस इंच.
तो म्हणाला, खिडकी काढू.

मग आमच्याच फ्रेमा घेऊन महापेला गेलो, मी आणि काका.
एकाच तबकडीच्या तीन जाळ्या काढून घेतल्या.
काकानं खिशातून भिंग काढलं,
रुमालानं पुसलं, वाकला.
शाईच्या रेघेला लव फुटलेली.
मेणाची बरी.
उजेडाची रेघ त्यानं इतका वेळ पाहिली
की बोपर्डीकरनं चहा सांगितला.

"बुजवायला काय नाय यात," काका म्हणाला.

मला वाटलं, आता एखादी खोट काढेल.
खरं तर मी वाटच पाहत होते.
सव्वीस लाखांच्या कर्जाचा हप्ता आणि त्याचा पगार
एका वहीत कसे बसवायचे
हे न ठरवताच परत जाता आलं असतं.

खोट त्यानं काढली नाही.
यंत्राभोवती एक चक्कर मारली,
फ्रेम अडकवायच्या चिमट्यापाशी थांबला,
टाचा उचलून हात वर नेऊन पाहिला,
आणि बोपर्डीकरला विचारलं,
"उंची कमी होते काय ह्याची?
की मला स्टूल आणायला लागेल?"